एकासारखे एक दहा हजार
त्रिमितीय मूलपेशी-संवर्धन आणि औषधांची चाळणी : प्रस्तावना

१९९३ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटिस-बीच्या १५ रुग्णांवर फियालुरिडीन या नव्या औषधाची चाचणी चालू होती. पहिले काही आठवडे आशादायक गेले. मग एकेका रुग्णाचे यकृत खचू लागले. औषध तातडीने बंद केले, तरी हानी थांबली नाही. सात जणांचे यकृत निकामी झाले. त्यांतले पाच दगावले, दोघे यकृत-प्रत्यारोपणामुळे वाचले. माणसाला देण्यापूर्वी हे औषध रीतसर प्राण्यांना देऊन झाले होते आणि त्या चाचण्यांत या धोक्याची चाहूलही लागली नव्हती. कारण पुढे अनेक वर्षांनी उलगडले. मानवी पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणावर एक वाहक प्रथिन असते. फियालुरिडीन त्याच्या वाटेने आत शिरते आणि मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची नक्कल बिघडवते. उंदराच्या मायटोकॉन्ड्रियावर हा वाहक नसतो. त्यामुळे उंदीर सुखरूप राहिला आणि माणूस मेला.

या पुस्तकाचा विषय समजून घ्यायचा तर या घटनेपासून निघणे सोयीचे आहे. औषधाची पारख माणसाच्याच पेशींवर व्हायला हवी, ही त्यातून निघणारी पहिली मागणी. त्या पेशी तासा-दोन तासांपुरत्या नव्हे, तर कित्येक आठवडे आपले मूळचे काम करत राहायला हव्यात, ही दुसरी. तिसरी मागणी औषधनिर्मितीच्या व्यवहारातून येते. एका औषधासाठी हजारो, कधी लाखो संयुगे तपासावी लागतात. म्हणून ही पारख घाऊक प्रमाणावर आणि परवडेल अशा खर्चात झाली पाहिजे. मूलपेशींचे त्रिमितीय संवर्धन या तिन्ही मागण्या एकत्र पुरवू पाहते. पहिल्या दोन बऱ्याच अंशी पुऱ्या झाल्या आहेत. तिसरीपाशी गाडे अडते, आणि या क्षेत्रातले सध्याचे बहुतेक कष्ट तिथेच खर्ची पडत आहेत.

शरीराबाहेर पेशी वाढवण्याचा इतिहास सपाट बशीपासून सुरू होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. १९०७ साली रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेतापेशींचे तंतू वाढताना पाहिले, ते काचेवरून खाली लोंबणाऱ्या, गोठलेल्या लसिकेच्या थेंबात. तंतूंना त्या थेंबात चहूबाजूंना वाढायला जागा होती. पुढे काच आणि प्लास्टिकचा सपाट तळ रूढ झाला तो सोयीसाठी. सपाट थरातल्या प्रत्येक पेशीला सारखेच अन्न मिळते, सारखाच प्राणवायू मिळतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या पेशी एकाच प्रतलात दिसतात. १९५१ मध्ये बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून मिळालेल्या हेला पेशी अशा तळावर अखंड वाढत राहिल्या आणि पेशीसंवर्धन हे नित्याचे तंत्र झाले. औषधकंपन्यांच्या चाळणीची सगळी यंत्रसामग्री, म्हणजे द्रव सोडणारे यंत्रमानव, प्रकाश मोजणारी उपकरणे, खळग्याखळग्यांच्या प्लेटा, याच सपाट थराला धरून घडत गेली.

पण सपाट तळावर पेशी आपला स्वभाव सोडते. यकृताची पेशी शरीराबाहेर काढून प्लास्टिकवर पसरली की औषधांचे विघटन करणारी तिची विकरे काही दिवसांतच झपाट्याने घटतात. पेशी जिवंत असते, पण यकृताची म्हणावी अशी राहत नाही. फियालुरिडीनसारखे आठवड्यांनी उलटणारे विष अशा पेशींवर पकडायचे तरी कसे? पेशीच्या स्वभावाचा तिच्या भोवतालाशी किती घट्ट संबंध असतो, हे मीना बिसेल यांनी बर्कलीत स्तनाच्या पेशींवर दाखवून दिले. निरोगी आणि कर्करोगी पेशी प्लास्टिकवर वाढवल्या तर दोहोंत फारसा फरक दिसत नाही. त्याच पेशी लॅमिनिनयुक्त जेलमध्ये वाढवल्या तर निरोगी पेशी मध्ये पोकळी असलेला नेटका गोल रचतात आणि कर्करोगी पेशी अस्ताव्यस्त पसरतात. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने याच जेलमधील कर्करोगी पेशींच्या पृष्ठावरील एका इंटेग्रिन प्रथिनाला प्रतिपिंडाने अडवले, तेव्हा त्या पेशी पुन्हा नेटके गोल रचू लागल्या. जनुके होती तीच होती, बदलला होता तो पेशीला भोवतालाकडून मिळणारा निरोप. औषधाचा असा परिणाम सपाट बशीत दिसलाच नसता.

यकृतापुरते बोलायचे तर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये मानवी यकृतपेशींचे छोटे गोळे सुमारे पाच आठवडे कार्यक्षम ठेवून दाखवले. दीर्घकाळ औषध देत राहिल्यावर या गोळ्यांत फियालुरिडीनचे विषारीपण उघड झाले. मात्र या पेशी दात्यांच्या यकृतातून घेतलेल्या होत्या. असे यकृत मागू तेव्हा मिळत नाही, त्याच्या पेशी बशीत पुरेशा विभागत नाहीत, आणि एका दात्याचा साठा संपला की दुसऱ्या दात्यावर सगळे मोजमाप नव्याने करावे लागते. पाहिजे तेवढ्या आणि पुन्हा पुन्हा त्याच पेशी हव्या असतील तर मूलपेशींकडे वळण्यावाचून इलाज नाही.

मूलपेशींचे दोन प्रवाह या पुस्तकात वारंवार भेटतील. पहिला बहुक्षम पेशींचा. शिन्या यामानाका यांनी क्योटोत २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्यांना भ्रूणावस्थेसारखी क्षमता परत मिळवून दिली. २०१२ चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. या पेशींपासून तत्त्वतः शरीरातली कोणतीही पेशी घडवता येते. दुसरा प्रवाह प्रौढ अवयवात मुळातच असलेल्या मूलपेशींचा. उत्रेख्त येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी २००९ मध्ये उंदराच्या आतड्यातली एकच मूलपेशी जेलमध्ये ठेवली, तिला मोजकी वाढ-प्रथिने पुरवली, आणि त्या एका पेशीने खाचा व अंकुर असलेली आतड्याची छोटी प्रतिकृती उभी केली. दोन वर्षांनी कोबे येथे योशिकी सासाई यांच्या गटाने उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींच्या तरंगत्या गोळ्यातून डोळ्याचा पेला आपोआप वळताना पाहिला. अशा स्वयंरचित लघु-अवयवांना ऑर्गनॉइड म्हणतात. घडवणाऱ्याने फक्त परिस्थिती पुरवायची. रचना पेशी आपली आपण करतात.

नेमकी हीच स्वयंरचना चाळणीच्या आड येते. आपली आपण घडणारी गोष्ट दर वेळी थोडी निराळी घडते. कुठे एका ऑर्गनॉइडला पाच अंकुर फुटतात, कुठे दोनच. एक गोळा मोठा होतो, शेजारचा खुजा राहतो. विकासाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाला हे वैविध्य मोलाचे वाटेल, पण चाळणी लावणाऱ्याला ते परवडत नाही. तिथे आपण शितावरून भाताची परीक्षा करत असतो. एका खळग्यात एक संयुग, त्या एका गोळ्याचा एक आकडा, आणि त्यावरून संयुग ठेवायचे की टाकायचे याचा निर्णय. भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच ही परीक्षा खरी.

थोडा हिशेब मांडला की अडचणीचा आकार कळेल. समजा १०,००० संयुगे तपासायची आहेत, प्रत्येकाच्या चार मात्रा, आणि खात्रीसाठी प्रत्येक मात्रा तीनदा. म्हणजे १,२०,००० ऑर्गनॉइड झाले. ३८४ खळग्यांच्या प्लेटा वापरल्या तर तुलनेचे नमुने न धरताही ३१३ प्लेटा लागतात. प्रत्येक ऑर्गनॉइडची सुरुवात १०,००० पेशींपासून केली तर १२० कोटी पेशी हव्यात, आणि त्याही एकाच गुणवत्तेच्या. हाताने बशी सांभाळणाऱ्या कुशल संशोधकालाही हे झेपणारे काम नाही.

चाळणी विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवायला १९९९ मध्ये सुचवलेला झेड-प्राइम हा निर्देशांक आजही वापरतात. परिणाम नक्की दिसणारे खळगे आणि मुळीच न दिसणारे खळगे यांच्या सरासरीतले अंतर किती, आणि त्या दोन्ही गटांतले आकडे आपापल्या सरासरीभोवती किती विखुरलेले, याची तो सांगड घालतो. निर्देशांक ०.५ च्या वर गेला तर चाळणी उत्तम. सपाट थरात हे साधायला फारसे सायास पडत नाहीत. गोळ्यांच्या बाबतीत साधी भूमितीच विरोधात जाते. व्यास केवळ २० टक्क्यांनी वाढला तर आकारमान जवळजवळ ७३ टक्क्यांनी वाढते. त्यातून प्राणवायूचा प्रश्न. रक्तवाहिन्या नसल्यामुळे तो पृष्ठभागावरून झिरपत आत जातो आणि साधारण १५० ते २०० मायक्रॉनच्या पुढे पुरेसा पोचत नाही. मोठ्या गोळ्याचे केंद्र उपासमारीने मरते. मग खळग्यात दिसलेल्या मृत पेशी औषधाने मारल्या की गोळ्याच्या आकाराने, हे सांगता येत नाही.

म्हणून आकार आवरणे ही या तंत्राची पहिली पायरी. पेशी चिकटणार नाहीत असा लेप दिलेल्या, गोल तळाच्या खळग्यात मोजून पेशी सोडल्या की त्या तळाशी जमून एकच गोळा करतात. हे आज सोपे वाटते, पण मानवी बहुक्षम पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या की बहुसंख्य मरत असत. त्यामुळे खळग्यात मोजून सोडणेच शक्य नव्हते. २००७ मध्ये सासाई यांच्याच गटाने दाखवले, की रो-कायनेज हे विकर रोखणारे रसायन दिले तर सुट्या पेशी तगतात. फारशा न गाजलेल्या या शोधावर आजची निम्मी यंत्रणा उभी आहे, असे म्हटले तरी चालेल. किरकोळ वाटणाऱ्या इतर बाबीही आकड्यांवर उमटतात. प्लेटच्या कडेच्या खळग्यांतून पाणी अधिक उडते, तिथले द्रावण तीव्र होते, आणि कडेची संयुगे विनाकारण दोषी ठरतात. यावरचा उपायही साधाच आहे : कडेला नुसते द्रावण भरायचे आणि ते खळगे मोजणीत धरायचे नाहीत.

दुसरी पायरी जेलची. बहुतेक ऑर्गनॉइड ज्यात वाढतात ते मॅट्रिजेल उंदराच्या एका विशिष्ट गाठीपासून काढतात. लॅमिनिन, कोलॅजन आणि इतर अनेक प्रथिनांचे हे मिश्रण थंडीत पातळ असते आणि शरीराच्या तापमानाला घट्ट होते. यंत्रमानवाच्या नळ्यांत ते मध्येच गोठू नये म्हणून प्लेटा, नळ्यांची टोके, टाक्या सगळे थंड ठेवावे लागते. शिवाय जनावराच्या गाठीचा माल प्रत्येक खेपेला तोच कसा येणार? एका खेपेच्या जेलवर बसवलेली चाळणी दुसऱ्या खेपेवर पुन्हा तपासून घ्यावी लागते. म्हणून कृत्रिम जेलचा शोध चालू आहे. बर्कलीच्या डेव्हिड शॅफर यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये तापमानानुसार पातळ-घट्ट होणाऱ्या, पूर्णपणे ज्ञात घटकांच्या जेलमध्ये मानवी बहुक्षम पेशी वाढवल्या. दर पाच दिवसांनी पेशी सुमारे २० पट होत आणि एका मिलिलिटर जेलमागे जवळपास दोन कोटी पेशी हाती येत. मघाच्या हिशेबातल्या १२० कोटी पेशी या दराने अवघ्या ६० मिलिलिटर जेलमध्ये मावतात. त्रिमितीय संवर्धनाचा हा दुसरा उपयोग सहसा नजरेआड होतो. ऑर्गनॉइड घडवायलाच नव्हे, तर त्यासाठी लागणारा पेशींचा कच्चा माल पिकवायलाही तिसरी मिती कामी येते.

तिसरी पायरी म्हणजे काय मोजायचे ते ठरवणे. या बाबतीत उत्रेख्तचे सिस्टिक फायब्रोसिसवरील काम आदर्श मानावे असे आहे. या आनुवंशिक आजारात पेशीच्या आवरणातली क्लोराइडची वाट बंद असते. रुग्णाच्या गुदाशयाच्या अस्तराचा कणभर तुकडा घेऊन त्याचे ऑर्गनॉइड वाढवायचे आणि फोर्स्कोलिन हे रसायन द्यायचे. वाट उघडी असेल तर क्षार आणि पाणी आत शिरून गोळा तासाभरात फुगतो. बंद असेल तर तो तसाच राहतो. औषधाने रुग्णाचा गोळा फुगू लागला, तर त्या रुग्णाला ते औषध लागू पडण्याची शक्यता चांगली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत गोळा कापावा लागत नाही. सूक्ष्मदर्शकाने फक्त क्षेत्रफळ मोजायचे. प्रत्येक गोळ्याची तुलना त्याच्याच आधीच्या आकाराशी होत असल्यामुळे गोळे लहानमोठे असले तरी बिघडत नाही. सारखेपणाचा प्रश्न इथे गोळे सारखे करून सुटला नाही. मोजणीची रीत शहाणपणाने निवडल्यामुळे सुटला.

सर्वच आजारांना अशी सोपी खूण नसते. सिएटलमध्ये बेंजामिन फ्रीडमन यांच्या गटाने २०१८ मध्ये यंत्रमानवांकडून ३८४ खळग्यांच्या प्लेटांत मूत्रपिंडाचे ऑर्गनॉइड घडवून घेतले. पेशी सोडण्यापासून छायाचित्रांच्या विश्लेषणापर्यंत सगळे काम यंत्रांवर सोपवले होते. बहुपुटी मूत्रपिंड-विकाराच्या ऑर्गनॉइडांत मायोसिन हे प्रथिन रोखणाऱ्या ब्लेबिस्टॅटिनने पुटी वाढतात, ही अनपेक्षित गोष्ट त्या चाळणीतून हाती लागली. सिनसिनाटीत ताकानोरी ताकेबे यांच्या गटाने २०२१ मध्ये बाजारातील २३८ औषधे मानवी मूलपेशींपासून केलेल्या यकृत-ऑर्गनॉइडांवर तपासली. माणसाच्या यकृताला अपाय करणाऱ्या औषधांपैकी ८८.७ टक्के त्यांनी पकडली आणि निर्धोक औषधांपैकी ८८.९ टक्के सोडून दिली. निकाल घवघवीत आहे, पण तो घाऊक चाळणीच्या मापानेही पाहावा. १०,००० निर्धोक संयुगे या चाळणीतून गेली तर सुमारे १,१०० विनाकारण बाद होतील. त्यांत एखादे उत्तम औषधही असू शकेल. चाळणी किती बारीक ठेवायची हे शेवटी जीवशास्त्र ठरवत नाही. चुकून सुटलेले विष आणि चुकून फेकलेले औषध यांपैकी कोणती चूक आपल्याला अधिक महाग पडते, त्यावरून ते ठरते.

मर्यादा मोकळेपणाने मांडायला हव्यात. बहुक्षम पेशींपासून केलेले ऑर्गनॉइड वयाने भ्रूणासारखे असतात; म्हाताऱ्या माणसाच्या यकृताबद्दल ते काय सांगतील याला सीमा आहे. त्यांत सहसा रक्तप्रवाह नसतो, रोगप्रतिकारक पेशी नसतात, आणि एका अवयवाने केलेले विघटन दुसऱ्याला भोवते तो प्रकार एकट्या गोळ्यात दिसत नाही. हे सगळे घालता येते आणि घातलेही जाते. पण दर भरीबरोबर ऑर्गनॉइड माणसाच्या थोडा जवळ सरकतो आणि शेजारच्या ऑर्गनॉइडपासून थोडा दूर जातो. जितके खरे, तितके असमान. जितके समान, तितके सोपे केलेले. या ओढाताणीतून कायमची सुटका करणारे तंत्र अजून कोणाकडे नाही. कोणत्या प्रश्नासाठी किती खरेपणा पुरे, हे आधी ठरवून तेवढाच घेणे, यालाच मी या विद्येतले कौशल्य म्हणतो. म्हणून हजारो संयुगांची पहिली चाळणी साध्या गोळ्यांवर, उरलेल्या शंभरांची अधिक गुंतागुंतीच्या ऑर्गनॉइडांवर, आणि शेवटच्या मोजक्यांची अनेक दात्यांच्या पेशींवर, अशी उतरंड शहाणपणाची ठरते.

कायदाही आता या दिशेने वळला आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मधील दुरुस्तीने मानवी चाचणीपूर्वी प्राण्यांवरील चाचणीची १९३८ पासूनची सक्ती काढून पर्यायी पद्धतींना वाट दिली. भारताने मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व नैदानिक चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत दुरुस्ती करून त्रिमितीय ऑर्गनॉइड आणि चिपवरील अवयव यांचा नावानिशी समावेश केला. प्राण्यांवरील चाचण्या यामुळे उद्या बंद होणार नाहीत. मात्र ऑर्गनॉइडवरचा पुरावा आता नियामकापुढे मांडता येतो, आणि पुरावा म्हटला की त्याची काटेकोर उलटतपासणीही आलीच.

आपल्याकडे या तंत्राची गरज कुठे आहे हे शोधायला दूर जावे लागत नाही. भारतात औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेचे सर्वांत मोठे कारण क्षयरोगावरची औषधे हे आहे. त्यांपैकी आयसोनियाझिड हे औषध शरीरात किती वेगाने निकामी होते हे एनएटी-२ या जनुकावर अवलंबून असते, आणि ज्यांच्यात ते मंद गतीने होते अशांचे प्रमाण आपल्या लोकसंख्येत मोठे आहे. परदेशी दात्याच्या एका पेशीवंशावर बसवलेली चाळणी या रुग्णांविषयी फारसे सांगू शकणार नाही. निरनिराळ्या जनुकीय वाणांच्या भारतीय दात्यांच्या पेशींपासून यकृताचे ऑर्गनॉइड करून क्षयाच्या जुन्या-नव्या औषधांची पारख करणे हे येथेच करण्याजोगे काम आहे. पेशीवंश जतन करून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवण्याचा अनुभव पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रापाशी अनेक दशकांचा आहे. मुंबई-पुण्याच्या परिसरात औषधउद्योगही भक्कम आहे. या दोहोंच्या मध्ये जैवशास्त्र, अभियांत्रिकी आणि संख्याशास्त्र तिन्ही जाणणारे तरुण हवेत. हे पुस्तक प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

पुढली प्रकरणे वाचताना, किंवा उद्या एखाद्या चकचकीत निकालाची बातमी समोर येईल तेव्हा, वाचकाने काही प्रश्न हाताशी ठेवावेत. पेशी कोणाच्या आणि किती दात्यांच्या? ऑर्गनॉइडचे वय काय, आकारातला फरक किती? औषध किती दिवस दिले? मोजले काय, आणि जे मोजले त्याचा रुग्णाच्या आजाराशी संबंध काय? माणसाला घातक ठरल्याचे आधीच माहीत असलेली औषधे या चाळणीने ओळखली का? फियालुरिडीन आता कोणाला औषध म्हणून द्यायचे नाही, तरी प्रयोगशाळांत ते अजून लागते ते याचसाठी. नवी चाळणी तयार झाली की तिच्यातून ते मुद्दाम घातले जाते. जी चाळणी त्याला निर्धोक ठरवील, तिच्यावर उद्याच्या रुग्णाने विश्वास ठेवण्याचे कारण नाही.